पिटकुळीची लागवड: कोकणातल्या बागेसाठी रानझुडूप कसे रुजवावे आणि कसे सांभाळावे

शिमग्याच्या सुमारास दक्षिण कोकणातल्या कोणत्याही घाटीने चालत गेले, की चिऱ्यांच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून, काजूच्या बागेच्या कडेला किंवा देवराईच्या तोंडाशी तांबड्या-केशरी फुलांचे भरगच्च गुच्छ दिसू लागतात. ही पिटकुळी. काही भागांत तिला पेंटगूळ किंवा बकोरा म्हणतात, रोपवाटिकांमध्ये तिला आणि तिच्या सगळ्या भाऊबंदांना सरसकट एक्झोरा म्हणून विकले जाते, आणि वनस्पतिशास्त्रात तिचे नाव इक्झोरा कॉक्सिनिया असे आहे. कॉफी आणि भूतकेस ज्या कुळात येतात त्याच रुबिएसी कुळातले हे सदाहरित झुडूप भारताच्या नैऋत्य भागात आणि श्रीलंकेत मूळचे आहे. त्यामुळे जांभ्याचा सडा (कातळाचे पठार), चार महिने कोसळणारा पाऊस आणि त्यानंतरचे आठ कोरडे महिने हे सगळे तिच्या अंगवळणी पडलेले आहे.

असे असूनही पुष्कळ घरांसमोर लावलेली पिटकुळी दोन-तीन वर्षांत पिवळी पडते, खुरटते आणि शेवटी उपटून टाकली जाते. रानात तिला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी ती फुलते, आणि माणसाच्या देखरेखीखाली मात्र आजारी पडते. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: तिला आंबटशी, निचऱ्याची, चुना नसलेली माती लागते, आणि आपण घर बांधताना व बाग सांभाळताना नेमका चुनाच तिच्या मुळांशी नेऊन पोचवतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आधी ओळख पक्की करावी

रानातल्या पिटकुळीची पाने समोरासमोर, जाडसर आणि चकचकीत असतात. त्यांना देठ जवळजवळ नसतोच, त्यामुळे पानाचा रुंद तळ थेट फांदीला बिलगलेला दिसतो. दोन पानांच्या मध्ये, पेऱ्यावर, टोकदार असे छोटे उपपर्ण असते. हे कॉफीच्या कुळाचे हमखास लक्षण आहे. फूल चार पाकळ्यांचे, पाकळ्या टोकाला निमुळत्या, आणि त्यांच्याखाली सुईसारखी बारीक नळी अडीच ते चार सेंटीमीटर लांब. एका गुच्छात अशी कितीतरी फुले असतात आणि ती एकदम न उमलता क्रमाक्रमाने उमलतात, म्हणून एकच गुच्छ बरेच दिवस टिकतो. गुच्छातले एक फूल हलकेच ओढून काढले, तर नळीच्या खालच्या टोकाशी मधाचा बारीकसा थेंब दिसतो. कोकणातल्या पोरांना तो चोखायला शिकवावे लागत नाही. फळ वाटाण्याएवढे, आधी लाल आणि पिकल्यावर काळसर जांभळे होते. ते खाता येते, मात्र गर अगदी थोडा असतो.

रोपवाटिकेत जे गोलसर पाकळ्यांचे, गुलाबी, पिवळे, पांढरे किंवा बुटके प्रकार मिळतात, त्यांतले बरेचसे इतर जातींचे किंवा संकरित वाण असतात. ते शोभेला वाईट नाहीत. ठेंगण्या वाफ्याच्या कडेला बुटका प्रकार चांगला दिसतो. मात्र आपल्याला रानातली पिटकुळी हवी असेल, तर पानाचा देठ आणि पाकळीचे टोक पाहिल्याशिवाय रोप घेऊ नये. माझे मत विचाराल तर कोकणात घर असणाऱ्याने आपल्याच परिसरातल्या झुडपाची कलमे करावीत. ती त्या पावसाला, त्या मातीला आणि खाऱ्या वाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली असतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. घाटीतले किंवा देवराईतले वाढलेले झुडूप खणून आणू नये. जांभ्याच्या भेगांत खोलवर गेलेली मुळे पहारीने खणताना तुटतात आणि असे झुडूप बागेत क्वचितच जगते. म्हणजे रानातले एक झाड कमी होते आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. देवराईतून तर काडीसुद्धा न विचारता तोडू नये. गडग्यावरच्या किंवा शेजाऱ्याच्या परसातल्या झुडपाच्या आठ-दहा काड्या मागून घेतल्या, तर त्या झुडपाला छाटणीचा लाभ होतो आणि आपल्याला रोपे मिळतात.

काडीपासून रोप

पिटकुळी बियांपासूनही येते. पूर्ण पिकलेली काळसर फळे घ्यावीत, गर चोळून धुवावा आणि बी वाळवून साठवण्याच्या भानगडीत न पडता लगेच पेरावे. उगवण सावकाश होते आणि अशा रोपाला फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. घरच्या बागेसाठी काडी हाच सोपा मार्ग आहे.

काड्या घेण्याचा उत्तम काळ मिरगापासून श्रावणापर्यंतचा. हवेत दमटपणा भरपूर असतो आणि पाने सुकण्याआधी मुळे फुटायला वेळ मिळतो. काडी अगदी कोवळी नको, ती कुजते. पूर्ण जून, करड्या सालीची नको, ती मुळे धरायला फार वेळ लावते. हिरवी साल तपकिरी होऊ लागली आहे आणि वाकवल्यावर काडी लवते पण पटकन मोडत नाही, अशी पेन्सिलीहून बारीक फांदी निवडावी. तिच्या टोकाला कळ्या किंवा फुले असू नयेत. असलीच, तर तेवढा शेंडा खुडून टाकावा, नाहीतर काडीतला सारा साठा फुलावर खर्च होतो. लांबी दहा ते पंधरा सेंटीमीटर, पेरी तीन-चार. खालचा छेद पेऱ्याच्या लगेच खाली, धारदार चाकूने. खालची पाने काढून वरची दोनच ठेवावीत आणि तीही आडवी कापून अर्धी करावीत, म्हणजे बाष्प कमी निघून जाते. मुळे फुटण्याची पूड मिळाली तर काडीचे टोक तिच्यात बुडवून झटकावे. ती नसली तरी पावसाळ्यात बऱ्याच काड्या लागतात.

माध्यम म्हणून नदीची वाळू आणि काथ्याचा भुसा निम्मे-निम्मे घ्यावा. भुसा आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावा, कारण त्यात मीठ असू शकते. समुद्राची वाळू कधीही वापरू नये. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, आणि शिंपला म्हणजे चुनाच. पिशव्या सावलीत, थेट पागोळ्या पडणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांच्यावर काठ्यांच्या आधाराने पारदर्शक प्लास्टिक तंबूसारखे धरावे. दिवसातून एकदा ते उघडून वारा द्यावा. पाच ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात. काडी उपटून पाहण्याचा मोह आवरावा. वर नवी पानांची जोडी येऊन ती पूर्ण पसरली आणि काडीला हलके ओढल्यावर ती धरून राहिली, की मुळे आली असे समजावे.

ज्यांना गुटी बांधायचा सराव आहे त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटाएवढ्या जाड फांदीवर दोन ते अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढून, तिथे ओले शेवाळ बांधून, वर प्लास्टिक गुंडाळावे. दोनेक महिन्यांत मुळे शेवाळातून दिसू लागतात. गुटीचे रोप काडीच्या रोपापेक्षा लवकर फुलते, मात्र एका झुडपावर चार-पाचांहून अधिक गुट्या बांधून त्याला थकवू नये.

जागा निवडणे

रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर माडांची किंवा पोफळींची विरळ सावली असेल, तर पाने काळपट हिरवी राहतात आणि फुलेही भरपूर येतात. आंब्याच्या दाट सावलीत झुडूप जगते, पण उजेडाच्या शोधात फांद्या लांबतात आणि फुले मोजकीच येतात. समुद्राच्या अगदी तोंडावरच्या घरांनी ती पश्चिमेच्या बाजूला उघड्यावर लावू नये. पावसाळी वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार कोवळी पाने करपवतात. घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला, पूर्वेकडे ती सुरक्षित राहते.

आता मातीविषयी थोडे विस्ताराने. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असते आणि लोहाने भरलेली असते. तिचा तांबडा रंग लोहाचाच. पिटकुळीला पाच ते सहा, फार तर साडेसहा सामू (पीएच) असलेली माती मानवते, म्हणजे कोकणातल्या सड्याची आणि उताराची माती तिला जशीच्या तशी चालते. अडचण येते ती माणसाने बदललेल्या जागांत. घराचा चौथरा, सिमेंटचा गिलावा, चुन्याची सफेदी, बांधकामातून उरलेली रेती आणि सिमेंटचे तुकडे पुरलेली भरावाची माती, या सगळ्यांतून पावसाबरोबर चुना झिरपत राहतो. दुसरी अडचण किनाऱ्यालगतच्या पुळणीची, म्हणजे वाळूच्या जमिनीची: तिथे मातीतच शिंपल्यांचा चुरा असतो. सामू सातच्या वर गेला, की मातीत लोह कितीही असले तरी ते पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांना घेता येत नाही. तांबड्या, लोहाने भरलेल्या जमिनीत उभे राहून झुडूप लोहावाचून उपाशी राहते ते असे.

म्हणून लावण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. जागेवरची एक वीत खोलीची माती घेऊन वाळवावी, बशीत पसरावी आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओतावे. फेस येऊन फसफसली, तर मातीत चुना आहे हे नक्की. फेस आला नाही म्हणजे सगळे ठीकच आहे असे मात्र नव्हे, थोडा चुना या परीक्षेत कळत नाही. बऱ्याच संख्येने रोपे लावायची असतील, तर मातीचा नमुना परीक्षण प्रयोगशाळेत देऊन सामू मोजून घेणे चांगले.

चौथऱ्यापासून आणि गिलावा केलेल्या भिंतीपासून किमान एक मीटर अंतर सोडावे. नुसत्या चिऱ्यांच्या, बिनगिलाव्याच्या गडग्याला लागून लावायला हरकत नाही. तिथे ती रानातल्यासारखीच शोभते. पुळणीतल्या आगरात लावायची इच्छाच असेल, तर जमिनीत खड्डा न करता चिऱ्यांचा दीड-दोन फूट उंच वाफा रचावा आणि त्यात बाहेरून आणलेली जांभ्याची माती भरावी. काही वर्षांनी मुळे खालच्या वाळूत उतरतील, पण तोवर झुडूप चांगले सावरलेले असते आणि पाने पिवळी पडलीच तर पुढे दिलेले उपाय उपयोगी पडतात.

खड्डा आणि लावणी

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावा. साध्या मातीत यात काही विशेष नाही, पण कातळावर खड्डा खणणाऱ्याने सावध राहावे. अखंड जांभ्यात पहारीने पाडलेला खड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरतो आणि मुळे आठ-आठ दिवस पाण्यात राहतात. लावणीच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दोन-तीन तासांत ते जिरले, तर खड्डा कामाचा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर उताराच्या बाजूची कड फोडून पाण्याला वाट काढावी, आणि तेही जमत नसेल तर खड्डा सोडून चिऱ्यांचा वाफा करावा.

भरण्यासाठी दोन घमेली खणलेली जांभ्याची माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत, अर्धे घमेले भुसभुशीत काथ्याचा भुसा आणि मूठभर निंबोळी पेंड एवढे पुरे. ताजे शेण घालू नये. भाताच्या खाचराची चिकण माती भरण्यासाठी आणू नये, ती आवळून बसते.

उतारावर आणि निचऱ्याच्या जागी मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावणी करावी, म्हणजे रोपाला चार महिन्यांची आयती ओल मिळते. सखल किंवा सपाट जागेत मात्र आषाढाचा मारा ओसरू द्यावा आणि श्रावण-भाद्रपदात लावावे. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. पिशवीत रोप ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर ते जमिनीत बसले पाहिजे. बुंधा खोल गाडला तर तो कुजतो. खोडाभोवतीची माती किंचित उंच ठेवावी आणि पावसाळ्यात आळे करूच नये. आळे दिवाळीनंतर करावे, जेव्हा पाणी धरून ठेवण्याची गरज सुरू होते.

कुंपणासाठी लावायची असल्यास दोन रोपांत साठ ते पंचाहत्तर सेंटीमीटर अंतर ठेवावे. एकेकटे, मोकळे वाढणारे झुडूप हवे असेल तर चहूबाजूंनी दीड-दोन मीटर सोडावे. पिटकुळी छाटली नाही तर माणसाच्या उंचीच्या वर जाते आणि तेवढीच पसरते, हे रोप वीतभर असताना लक्षात येत नाही.

पाणी, पातेरा आणि खत

पहिले दोन उन्हाळे काळजीचे. कार्तिकापासून वैशाखापर्यंत दर तीन-चार दिवसांनी आठ-दहा लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि एखादा आठवडा गावाला गेले, की झुडूप माना टाकते. तिसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एकदा पाणी पुरते, आणि पुढे जांभ्याच्या उतारावरचे झुडूप पाण्यावाचूनही तगते, फक्त फुले कमी देते.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत वाळू लागल्या, तर पाण्यातल्या मिठाचा संशय घ्यावा आणि शक्य असेल तेवढे दुसरे गोडे पाणी द्यावे. पाऊस सुरू झाल्यावर मुळांजवळचे मीठ धुऊन जाते.

पातेरा हे कोकणातल्या बागेचे फुकटचे धन आहे आणि ते होळीत किंवा भाजावळीत जाळून टाकण्यापेक्षा पिटकुळीच्या बुंध्याशी अंथरावे. आंबा, फणस, काजू यांची वाळलेली पाने चार बोटे जाडीचा थर होईल एवढी पसरावीत. खोडाला मात्र ती चिकटू देऊ नयेत, वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी आणि बुरशी या दोन्हींना आमंत्रण मिळते. हा पातेरा कुजत राहतो, ओल धरतो आणि मातीचा आंबटपणा राखायला मदत करतो.

खताचा हात आखडता ठेवावा. वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस ओसरल्यावर, घमेलेभर कुजलेले शेणखत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड एका वाढलेल्या झुडपाला पुरते. युरियाचा मारा केला, तर पाने मोठी होतात, मावा पडतो आणि फुले मागे पडतात.

काय घालू नये याची यादी जास्त महत्त्वाची आहे, कारण यातल्या बहुतेक गोष्टी आपल्याकडे सवयीने झाडांच्या मुळाशी जातात. चुलीतली राख अल्कधर्मी असते. ती माडाला चालते, पिटकुळीला चालत नाही. अंड्यांची टरफले, हाडांचे खत आणि शिंपल्यांची पूड यांतून चुनाच जातो. न्हाणीतले आणि कपडे धुतल्याचे साबणी पाणी केळीकडे किंवा माडाकडे वळवावे. खारवलेली मासळी धुतलेले पाणीही तिच्या आळ्यात ओतू नये. पावसाळ्यापूर्वी वाफ्याच्या चिऱ्यांना चुन्याची सफेदी देण्याची पद्धत आहे, तीही पिटकुळीच्या वाफ्यापुरती थांबवावी. चिऱ्याचा मूळचा रंग या फुलांजवळ जास्त खुलतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पाने पिवळी पडली तर

आधी कोणती पाने पिवळी झाली ते पाहावे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसत असतील, तर लोह मिळत नाही. जास्त दिवस दुर्लक्ष केले, तर ही पाने जवळजवळ पांढुरकी होतात आणि कडा करपतात. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होऊन गळत असतील, तर नत्र कमी पडले आहे किंवा फक्त पानांचे वय झाले आहे. शेणखत दिले की पुरे. सगळेच झुडूप मलूल, पाने निस्तेज आणि माती ओली असेल, तर मुळांशी पाणी साचले आहे, आणि तिथे औषध न देता आधी निचरा करावा. साचलेल्या पाण्याने मुळे दुबळी झाली, की लोहाच्या कमतरतेचीच लक्षणे दिसतात, म्हणून पावसाळ्यात घाईने काही फवारण्याआधी बुंध्याशी बोट खुपसून ओल पाहावी.

लोहाची कमतरता नक्की झाली, तर कृषी सेवा केंद्रात मिळणारे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एका लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम विरघळवावे आणि ओल्या मातीत, बुंध्यापासून वीतभर लांब, झुडपामागे दोन लिटर ओतावे. पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे. नव्या फुटीचा रंग हिरवा दिसू लागला की थांबावे. आधीची पांढुरकी झालेली पाने पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, नव्या पानांवर लक्ष ठेवावे. लवकर उतार हवा असेल, तर तेवढ्याच द्रावणात चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी पानांवर फवारावे, कडक उन्हात फवारले तर डाग पडतात. हिराकसाचे पाणी फरशीवर किंवा भिंतीवर उडाले, तर गंजाचे तांबूस डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत.

बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून पडू नये म्हणून रसायनाने बांधलेले लोह, मिळते, पण पाकिटावर कोणता प्रकार आहे ते वाचून घ्यावे. ईडीटीए प्रकार आम्ल मातीत किंवा फवारणीत उपयोगी पडतो. चुनखडीच्या, पुळणीच्या मातीत तो टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकार लागतो. तो महाग असतो, म्हणून चुन्याच्या जागेत लावणे टाळलेलेच बरे. कायमचा उपाय म्हणून पावसाच्या सुरुवातीला चौरस मीटरला सुमारे पन्नास ग्रॅम गंधकाची पूड वरच्या मातीत मिसळावी. मातीतले जीवाणू तिचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात. त्याला काही महिने लागतात, त्यामुळे परिणाम दिसत नाही म्हणून लगेच दुसरा हात मारू नये.

कीड आणि मुंग्या

पाने काजळी धरल्यासारखी काळी दिसली, तर काजळी पुसण्यापेक्षा पानांची खालची बाजू आणि कोवळे देठ पाहावेत. तिथे मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतात. त्यांच्या गोड स्रावावर ही काळी बुरशी वाढते, आणि मुंग्या त्याच स्रावासाठी या किडींची राखण करतात. मुंग्यांची रांग ज्या फांदीवर जाते ती फांदी आधी तपासावी. कीड थोडी असेल तर फांदीच कापून नष्ट करावी. पसरलेली असेल, तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता पातळ साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालून फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. उमललेल्या गुच्छांवर कोणतेही औषध उडवू नये. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना मात्र त्रास होत नसेल तर राहू द्यावे, त्या अनेक पाने खाणाऱ्या अळ्या संपवतात.

भर पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडतात. त्यासाठी धावपळ नको. आतल्या दाटीतल्या दोन-चार फांद्या काढून हवा खेळती केली आणि गळलेली रोगट पाने उचलली, की ऊन पडल्यावर नवी पाने स्वच्छ येतात.

फुलपाखरांसाठी लावताना

पिटकुळीच्या बारीक लांब नळीत मधमाशीची सोंड तळापर्यंत पोचत नाही. लांब सोंडेची फुलपाखरे आणि शिंजीर (सनबर्ड) हे तिचे खरे पाहुणे. ब्लू मॉरमॉन, ज्याला आता नीलवंत म्हणतात आणि जे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले, ते या गुच्छांवर पुन्हा पुन्हा येते. ते पूर्णपणे बसत नाही. पाय फुलांना टेकवून, पुढचे पंख सतत थरथरवत, एका नळीतून सोंड काढून दुसरीत घालत ते सगळा गुच्छ फिरते. त्याचे डोके आणि सोंडेचा भाग नळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या केसरांना घासतो आणि पराग एका झुडपावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून एकच झुडूप लावण्यापेक्षा वेगवेगळ्या झुडपांच्या काड्यांपासून केलेली तीन-चार जवळजवळ लावावीत, फळे धरण्याच्या दृष्टीने ते चांगले.

नुसत्या मधावर फुलपाखरे येतात आणि जातात. ती बागेत नांदायला हवी असतील, तर अळ्यांसाठीही खाद्य लागते. नीलवंताच्या आणि कॉमन मॉरमॉनच्या अळ्या लिंबू वर्गातल्या झाडांवर वाढतात आणि कॉमन मॉरमॉन कढीपत्त्यावरही अंडी घालते. परसात ही झाडे बहुधा असतातच. त्यांच्यावरच्या, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मोठेपणी हिरव्या दिसणाऱ्या अळ्या मारू नयेत. वाढलेले झाड थोड्या पानांचा तोटा सहज भरून काढते.

कुंडीतली पिटकुळी

जमीन नसणाऱ्यांनी चौदा इंची मातीची कुंडी घ्यावी. सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो, म्हणून ती नको. मिश्रण वर सांगितलेलेच, फक्त काथ्याचा भुसा थोडा जास्त. शहरात येणारे नळाचे पाणी काही ठिकाणी जड असते, तिथे दर दोन महिन्यांनी हिराकसाचे सौम्य द्रावण द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्यावी. दोन वर्षांनी कुंडी बदलताना बाहेरची गुंतलेली मुळे चतुर्थांश छाटावीत.

छाटणी

पिटकुळीची फुले फांदीच्या टोकाला येतात. एवढे लक्षात ठेवले की छाटणीचे सगळे नियम आपोआप सुचतात. दर महिन्याला कात्री चालवून कुंपण भिंतीसारखे सरळ ठेवणाऱ्याला हिरवी भिंत मिळते, फुले मिळत नाहीत, कारण कळी धरण्याआधीच टोक कापले जाते.

लावल्यानंतर पहिल्या वर्षी शेंडे दोन-तीनदा खुडावेत, म्हणजे झुडूप बुंध्यापासून भरते. पुढे वर्षातून एकच मोठी छाटणी करावी, आणि ती उन्हाळ्याचा बहर संपून मिरग लागताना. फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, पेऱ्याच्या थोडा वर, कापावा. पावसात भराभर नवी फूट येते आणि कळ्या धरायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे चतुर्थीपर्यंत थोडी फुले पूजेला मिळतात आणि उन्हाळ्यापर्यंत झुडूप पुन्हा भरते. याच छाटणीतल्या योग्य काड्या कलमांसाठी वापराव्यात. ज्या फांद्यांवर फळे धरली आहेत त्यांतल्या काही मात्र ठेवाव्यात. बुलबुल ती फळे आवडीने खातात आणि बी लांबवर नेतात. दिवाळीनंतर छाटणी केली, तर उन्हाळ्याचा बहर कमी येतो, म्हणून त्या काळात फक्त वाळलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढाव्यात.

जुन्या घरांच्या परसात खाली उघडी, काटकुळी आणि फक्त वरती पाने असलेली पिटकुळी पुष्कळदा दिसते. ती उपटू नये. मिरगात तिच्या एकतृतीयांश जुन्या फांद्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापाव्यात, बुंध्याशी शेणखत आणि पातेरा द्यावा, आणि खालून नवी धुमारी येऊ द्यावीत. दुसऱ्या वर्षी आणखी एकतृतीयांश आणि तिसऱ्या वर्षी उरलेल्या फांद्या तशाच कापाव्यात. सगळे झुडूप एकदम बुडापासून छाटले, तर तेही बहुधा फुटते, पण ते वर्ष बिनफुलांचे जाते आणि मुळे आधीच दुबळी असतील, तर झुडूप दगावण्याची भीती राहते.